बहिणीची गोष्ट

चिमीने ट्रॅममध्ये समोर बसलेल्या अनोळखी बाईच्या गळ्यातला स्कार्फ सोडला, झटकला, तिरका दुमडला आणि पुन्हा बांधायला घेतला. बाई हनुवटी वर करून, डोळे मिटून बसली होती. जणू हे रोजचंच आहे. चिमीच्या शेजारी बसलेली ताई खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, कुठल्याशा बँकेची लांबच लांब भिंत होती. पण ह्या दोघींशी आपला काही संबंध नाही हे दाखवायला भिंत पुरेशी होती.

"बघ ताई, आता मान कशी उंच दिसते!"

"दिसते," ताई भिंतीकडे बघत म्हणाली.

बाईने मोबाइलच्या काचेत स्वतःला पाहिलं, गालावर हात ठेवला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. चिमीने तिला मराठीत उत्तर दिलं, "अहो, रंग तुम्हाला शोभतोच आहे, बांधायला चुकत होतात एवढंच." दोघींना एकमेकींचं कळलं. उतरताना बाईने चिमीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि मग ताईकडे बघून जराशी मान हलवली. दुकानातून बाहेर पडताना गिऱ्हाईक रखवालदाराकडे बघून हलवतं, तशी.

भाच्याकडे येऊन त्यांना आठवडा झाला होता. चिमीचा मुलगा ह्या शहरात नोकरीला होता. आधीचे दिवस त्याने सुट्टी काढून दोघींना फिरवलं होतं, आज मात्र त्याला कामावर जाणं भाग होतं. सकाळी बूट चढवताना तो म्हणाला होता, "मावशी, आज सगळं तुझ्यावर. आईचं इंग्रजी तुला ठाऊकच आहे." ताईला ते बरं वाटलं होतं. इतकं, की आंघोळ करताना तिने दोन-चार वाक्यं मनातल्या मनात घोळवूनही ठेवली.

चिमीचं इंग्रजी खरोखरच भयंकर होतं. काळाचा पत्ता नाही, पुरुषाला 'शी', बाईला 'ही' आणि घाईत असली की सगळ्यांनाच 'आय'. शाळेत असताना तिचे निबंध ताईच तपासून द्यायची. ताईचं व्याकरण पक्कं होतं. फक्त ते वापरायची वेळ आयुष्यात फारशी आली नाही. वीज कंपनीच्या बिलाच्या खिडकीमागे तिची सगळी नोकरी गेली. काचेला बोलण्यापुरतं एक गोल भोक होतं. लोक वाकून त्या भोकाला तोंड लावत, आणि बोलायला म्हणून येत ते भांडायलाच. चिमीचं उलट. तिचं पार्लर. दिवसभर कोणी ना कोणी तिच्यासमोर मान टेकून, डोळे मिटून बसलेलं. माणसाला हात लावायला तिला कधी ओळख लागली नाही.

ट्रॅममधून उतरून दोघी चौकात आल्या. मधोमध कारंजं होतं, एका बाजूला जुन्या इमारतीवर मोठं घड्याळ. ऊन कोवळं होतं आणि कोणालाच कसली घाई दिसत नव्हती. चिमी म्हणाली, "तू बस जरा, मी आलेच," आणि एका सायकलच्या दुकानाकडे गेली. का, ते विचारण्यात अर्थ नव्हता.

ताई बाकावर बसली. पलीकडच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. ताईने पदर सारखा केला, घसा साफ केला. सकाळी घोळवलेल्या वाक्यांतलं एक तिने निवडलं आणि अजिबात न अडखळता इंग्रजीत विचारलं, "माफ करा, हे घड्याळ किती वर्षांपूर्वी बसवलं असेल, हे आपण मला सांगू शकाल का?"

गृहस्थांनी चष्मा काढला. घड्याळाकडे पाहिलं, नीट विचार केला.

"नाही," ते म्हणाले. अगदी सौजन्याने. मग चष्मा चढवून त्यांनी पेपर वर घेतला.

सायकलच्या दुकानातून हसण्याचा आवाज आला. चिमी आणि तो तेलकट हातांचा दुकानदार, दोघं उलट्या ठेवलेल्या सायकलीच्या दोन बाजूंना उभे राहून पोट धरून हसत होते. हसता हसता चिमीने सायकलचं चाक फिरवलं, तसा तो आणखीच हसला. पेपरवाले गृहस्थही तिकडे बघून हसायला लागले. ताईने पाहिलं, त्यांचा पेपर मांडीवर आला होता.

"काय एवढं हसत होतात?" चिमी परत आल्यावर ताईने विचारलं.

"काही नाही गं. त्याला माझं कळत नव्हतं, मला त्याचं कळत नव्हतं. त्यावरच हसत होतो."

"त्यात हसण्यासारखं काय आहे?"

"तेच तर!" चिमी म्हणाली आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

ताईने पिशवी खांद्यावर घेतली आणि चालायला लागली. गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना उंच घरं, खिडक्यांत कुंड्या. आपण हिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या आहोत, ताईच्या मनात आलं. हिला चालायला शिकवलं, वेण्या घातल्या, निबंध तपासले. आणि आपण हिच्यामागे पिशवी धरून फिरतो आहोत. लोकांना काय वाटत असेल? कोणीतरी सोबतीला आणलेली बाई वाटत असेल. ती भराभर पुढे निघाली, एवढ्यात मागून चिमी किंचाळली.

वरच्या कुठल्यातरी खिडकीतून कुंडीतलं पाणी नेमकं चिमीच्या डोक्यावर सांडलं होतं. ताईच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, ते तिने लगेच आवरलं. वरून "ओ, ओ" असा घाबरा आवाज आला, मग जिन्यावरून पावलं, आणि दार उघडून एक पांढऱ्या केसांची बाई टॉवेल घेऊन बाहेर आली. तिला काय करू आणि काय नको असं झालं होतं. चिमीने टॉवेल घेतला, केस पुसले, मग ओल्या डोक्याने हात जोडून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाढ होईल आता माझी. कुंडीसारखी." शब्द मराठी होते, पण हातवारे असे, की बाई आधी थक्क झाली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चिमीने तोच टॉवेल तिच्या डोळ्यांना लावला.

मग बाई ताईकडे वळली. ताईचा चेहरा बघूनच बहुधा तिला वाटलं, इथे इंग्रजी चालेल. ती सावकाश, चांगल्या इंग्रजीत बोलली. ती तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहते. आज तिच्याकडे कोणीच येणार नाही. दोघींनी वर यावं, चहा घ्यावा, तिला फार आनंद होईल. निदान तुमच्या मैत्रिणीचे केस वाळेपर्यंत तरी.

"काय म्हणतायत?" चिमीने विचारलं.

ताईच्या डोळ्यांसमोर तिसऱ्या मजल्यावरची बैठक आली. टेबलाशी ही बाई आणि चिमी, मध्ये किटली, आणि तिसऱ्या खुर्चीत आपण. चिमी चुकीचं बोलणार, बाई हसणार. आपण अधूनमधून एकेका शब्दाचा अर्थ पुरवणार.

"सॉरी म्हणतायत," ताई म्हणाली.

"एवढा वेळ?"

"खूप सॉरी म्हणतायत."

आणि बाईला ती इंग्रजीत म्हणाली, "आपण फार दयाळू आहात, परंतु आम्हाला बोट गाठायची आहे." वाक्य निर्दोष होतं. बाईच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थोडं मिटलं. तिने टॉवेल परत घेतला, त्याची घडी केली आणि दोघी वळेपर्यंत ती दारातच उभी राहिली.

गल्ली संपून बोटीच्या धक्क्याकडची उतरण लागली. चिमीने ओल्या केसांतून बोटं फिरवली. मग म्हणाली, "चहाला बोलावत होत्या ना गं त्या?"

ताईचं पाऊल अडखळलं.

"टी एवढं कळतं मला," चिमी म्हणाली.

"मग तिथेच का नाही बोललीस?"

"तिसरा मजला म्हणाल्या ना. बोटं दाखवली त्यांनी. तुझे गुडघे दुखत असणार, आणि तू काही स्वतःहून सांगणार नाहीस. म्हटलं, राहू दे."

ताईचे गुडघे दुखत नव्हते. पण आता काय करणार? ती थोडं अंतर मुद्दाम पाय ओढत चालली. चिमीने न बोलता तिच्या खांद्यावरची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली, आणि ताईला स्वतःचा आला नाही एवढा राग तिचा आला. आपल्या खोटेपणालाही ही चांगलं नाव देऊन मोकळी होते. निदान एकदा भांडली तरी असती!

बोटीवर गर्दी नव्हती. पलीकडच्या काठावर जाऊन परत यायचं, एवढाच प्रवास. वरच्या डेकवर लाकडी बाकं होती. एका बाकावर एक धिप्पाड बाई ऊन खात बसली होती. पन्नाशीची असेल. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, मनगटं जाडजूड. ती चाकूने सफरचंद कापून खात होती. रिकामी बाकं पुष्कळ होती, पण चिमी तिच्याच बाकावर जाऊन बसली. ताई दुसऱ्या टोकाला बसली आणि पाण्याकडे बघायला लागली.

बोटीने काठ सोडायच्या आत सफरचंदाची एक फोड चिमीच्या हातात आली होती. दुसरी ताईसाठी पुढे आली. ताईने मान हलवून नको म्हटलं.

"तुम्ही काय काम करता?" चिमीने तिच्या इंग्रजीत विचारलं.

"बस चालवते," बाई म्हणाली. "मोठी. दोन डब्यांची, मध्ये वाकणारी. आज सुट्टी आहे, म्हणून दुसऱ्या कोणीतरी चालवलेल्या वाहनात बसले आहे." तिचंही इंग्रजी मोडकंच होतं. दोघींचं छान जमत होतं.

चिमीचे डोळे चमकले. "बस! बाई असून!" मग तिने दोन्ही हात पुढे करून हवेत स्टिअरिंग धरलं. "आय," ती म्हणाली, "आय ड्राइव्ह. जीप. वन टाइम. माउंटन."

ताईने मान वळवली.

चिमीला गाडी चालवता येत नव्हती. कधीच आली नाही. ताईला वाटलं, हिचं नेहमीचंच, 'शी'च्या जागी 'आय'. माझ्याबद्दल सांगते आहे. आणि तिला एकदम, सकाळपासून पहिल्यांदा, आतून ऊब आल्यासारखं झालं. चला, निदान हे तरी हिला सांगावंसं वाटलं.

कारण जीप ताईने चालवली होती. अठरा वर्षांची असताना, एकदाच. वडिलांची जुनी जीप होती, आसपासच्या गावांत औषधांची खोकी पोचवायची. वडिलांच्या शेजारी बसून, मोकळ्या रस्त्यावर त्यांच्या हातापाया पडून, ताई ती चालवायला शिकली होती. एके दिवशी वडील तापाने फणफणले असताना शेजारच्या शिंपीणकाकूंना कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलेलं, सुईण घाबरलेली, दवाखाना घाटापलीकडे. दुसरं वाहन गावात नव्हतं. ताईने किल्ली घेतली. मागे आई आणि कळा देणाऱ्या काकू, फळीवर लटकलेला शिंपी. घाट उतरून दवाखान्याच्या फाटकातून जीप आत गेली आणि डॉक्टरांनी काकूंना आत घेतलं. बाळ, बाळंतीण, दोन्ही वाचली. वर्षभर गावात त्याचंच बोलणं होतं. मग ताईचं लग्न झालं, नवऱ्याकडे गाडी नव्हती, मग नोकरी, मग बिलाची खिडकी. त्या गोष्टीला ती स्वतः कधी हात लावत नसे. एखादा दागिना आपल्याकडे आहे एवढं माहीत असलं की पुरे, तसं. चिमीला मात्र लहानपणी तिने ती अनेकदा सांगितली होती. चिमी पिच्छाच पुरवायची, तेव्हा.

"डोअर नो क्लोज," चिमी सांगत होती. "आय टाय. रोप." तिने हवेत दोरीची गाठ मारली. मग उजव्या हाताने गिअर टाकला. "व्हील व्हेरी हार्ड. आय स्टँड अँड टर्न." आणि चिमी बाकावरून अर्धवट उठून, अंगाचा सगळा भार देऊन वळण घ्यायला लागली. बसवाली बाई जोरजोरात मान हलवत होती. जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग असंच, उभं राहूनच फिरवावं लागतं, तिला ते माहीत होतं.

ताई वाट बघत होती. आता ही आपल्याकडे बोट दाखवेल. आता म्हणेल, माय सिस्टर.

"माय सिस्टर," चिमी म्हणाली आणि तिने खरंच ताईकडे बोट दाखवलं. "स्मॉल. इलेव्हन."

अकरा वर्षांची चिमी होती.

म्हणजे ही व्याकरणाची चूक नव्हती.

ट्रॅममधली बाई गेली, सायकलवाला गेला, कुंडीवाली गेली, सगळं जग हिचंच, ठीक आहे. पण हे? आयुष्यात एक गोष्ट आपण केली, तीसुद्धा हिने दागिन्यासारखी अंगावर घालायला हवी का? वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. 'ही खोटं सांगते आहे. जीप मी चालवत होते.' तिने तोंड उघडलं.

"माय सिस्टर सिट इन फ्रंट," चिमी सांगत होती. इंग्रजी तेच मोडकं, पण तिचा आवाज खाली आला होता, हात मांडीवर आले होते. "आधीच येऊन बसलेली. पुढच्या सीटवर. तिला वाटलं, आपण जाणार. मी म्हटलं, उतर. एकदाच म्हटलं. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला घाई होती ना."

"मग?" बसवालीने विचारलं.

"ती उतरली. मग जीपच्या मागे धावली. चप्पल तुटली, तरी धावली, वळणापर्यंत. तिथे दगड होता एक. तिथेच राहिली."

"किती वेळ?"

"जीप परत येईपर्यंत. संध्याकाळ झाली. सगळे माझ्याभोवती गोळा झाले, सगळे मला विचारत होते. मला खांद्यावरच घ्यायचे बाकी होते." चिमी हसली. मग म्हणाली, "तिला कोणी विचारलं नाही, तू कुठे होतीस."

ताईने तोंड मिटलं. ती संध्याकाळ तिला लख्ख आठवत होती. दारात जमलेली माणसं, तापातून उठून उंबऱ्यापर्यंत आलेले वडील, शिंप्याने धरलेले हात. त्या आठवणीतल्या गर्दीत ती आता चिमीला शोधायला लागली. आईजवळ नव्हती. ओट्यावर नव्हती. एकेक चेहरा ओलांडत ताई सगळ्या अंगणातून फिरली आणि चिमी तिला कुठेच सापडली नाही. जीप परत येताना त्या वळणावर कोणी उभं होतं का? ती तिथूनच तर आली होती. तिला वळण आठवत होतं, दगडही आठवत होता. दगडावरचं कोणी आठवत नव्हतं.

बसवाली बाई वाकून चिमीच्या पलीकडून ताईकडे बघत होती.

"म्हणजे ती तुम्ही?" तिने विचारलं. "मागे राहिलेली?"

चिमीने मान वर केली. आपण काय करून बसलो हे तिला आत्ता कळलं असावं. दिवसभर न थांबलेला तिचा चेहरा थांबला होता. तिने ताईकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात पन्नाशी उलटलेली पार्लरवाली नव्हती. 'उतर' म्हणेल आता, अशी वाट बघणारं कोणीतरी होतं.

"हो," ताई म्हणाली. "ती मी."

बोटीचा भोंगा वाजला. एक पाखरू कठड्यावर येऊन बसलं आणि उडून गेलं.

"राग आला असेल तुम्हाला बहिणीचा," बसवाली म्हणाली.

ताईने विचार केला. घाई नव्हती. काचेपलीकडे रांग नव्हती.

"राग नाही," ती म्हणाली. "हेवा वाटला."

"आणि आता?" बाईने गमतीने विचारलं. "इतक्या वर्षांनी? अजून वाटतो?"

"आज सकाळपासून," ताई म्हणाली, "एक मिनिट थांबलेला नाही."

बसवाली आधी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ती इतक्या मोठ्याने हसली की खालच्या डेकवरची माणसं वर बघायला लागली. हसता हसता तिने चिमीला ओलांडून हात लांब केला आणि ताईच्या गुडघ्यावर जोरात थाप मारली. "मला पण दोन बहिणी आहेत," ती म्हणाली. "दोन!" आणि उरलेलं अर्धं सफरचंद तिने न कापताच ताईच्या हातात कोंबलं. ह्या वेळी ताईने ते घेतलं.

चिमी हसली नाही. ती आपल्या बोटांकडे बघत होती.

पलीकडचा काठ आला. बसवाली दोघींना निरोप देऊन, जड पावलं टाकत फळीवरून उतरून गेली. काठावर पोचल्यावर वळून तिने हात हलवला, तो कोणा एकीसाठी नव्हता. परतीची माणसं चढायला वेळ होता. दोघी बाकावरच बसून राहिल्या.

"ताई," चिमी म्हणाली, "मी ते... म्हणजे कसं झालं, ती बस चालवते म्हणाली ना, आणि मी..."

"सफरचंद गोड आहे," ताई म्हणाली. "घे."

चिमीने चावा घेतला. ताईने तिच्याकडे न बघता, पाण्याकडे बघत विचारलं.

"चिमे, त्या दगडावर बसून तू दिवसभर काय करत होतीस गं?"

खाली कोणीतरी दोर ओढत होतं, त्याचा कुरकुर आवाज येत होता. चिमीने सफरचंद ह्या हातातून त्या हातात घेतलं.

"जीप चालवत होते," ती म्हणाली.

ताईने पाण्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

"तू निघालीस तशी मीही निघाले. डोळे मिटून. घाटातली वळणं मला पाठ होती ना, बाबांबरोबर जायचे मी कधी कधी. तू कुठे असशील ते बघून बघून वळवत होते. चढ आला की गिअर टाकत होते. तोंडाने आवाजसुद्धा काढत होते." तिने नाक वर ओढलं. "काकू ओरडत असतील म्हणून हळू चालवत होते."

नवी माणसं चढायला लागली होती, फळी हलत होती.

"पोचलीस का?" तिने विचारलं.

"हो," चिमी म्हणाली. मग डोळे पुसून, जरा मान उंचावून म्हणाली, "तुझ्या आधी."